मॅकरॉन, बदाम आणि रांग

श्रोतेहो, आजचा विषय गोड आहे. मोठ्या शहरात चांगले मॅकरॉन कसे शोधावेत आणि त्यासाठी दुकानापुढे तिष्ठत उभे राहणे कसे टाळावे, हा तो विषय. कवीने बोलावे असे यात काय आहे, असे कुणी विचारील. पण मी राहतो न्हावा शेवाजवळ. मॅकरॉन ज्या बदामापासून बनतो, तो बदाम परदेशातून ज्या दारांनी आपल्याकडे येतो त्यांतले एक मोठे दार आमच्या उशाशी आहे. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालतो.

निमित्त घरचेच. माझ्या धाकट्या मुलीने पदवीचा निकाल लागल्यावर पेढ्यांऐवजी मॅकरॉन मागितले. एका नगाची किंमत ऐकून माझ्या आईने विचारले, ‘‘एवढ्या पैशांत पाव किलो नानकटाई येते, मग हे सोन्याचे आहे का?’’ सोन्याचे नाही, पण स्वस्तही नाही. म्हणूनच पैसे मोजायचेच तर चांगल्या वस्तूला मोजावेत.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. आपल्या बेकऱ्यांत खोबऱ्याचा खरपूस गोळा मिळतो, तो मॅकरून. तमिळनाडूत तुतीकोरीन या बंदराच्या गावी काजू, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग घेऊन शंकूसारखा शुभ्र, कुरकुरीत पदार्थ करतात, तोही मॅकरून. मॅकरॉन वेगळा. दोन गोल, गुळगुळीत टोप्या आणि त्यांच्यामध्ये चॉकलेटचा, लोण्याच्या क्रीमचा किंवा जॅमचा थर. टोप्यांत मैदा मुळीच नसतो. असते ती बदामाची बारीक पूड, साखर आणि अंड्याचा फेटलेला पांढरा भाग.

हे नाव इटालियन भाषेतून फ्रेंचमध्ये गेले. मॅकरोनी आणि मॅकरॉन हे एकाच शब्दाचे वंशज आहेत. पॅरिसमध्ये १८६२ साली सुरू झालेल्या लाद्युरे या दुकानात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन टोप्या जोडून मध्ये सारण घालायची कल्पना निघाली, असे सांगितले जाते. पण बदाम कुटून साखरेशी मिळवायची युक्ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकपुस्तकात ‘लौजीनज’ नावाची बदामाची मिठाई आहे. अरबीत ‘लौज’ म्हणजे बदाम. बदामाच्या वडीला ‘लौज’ म्हणणारी म्हातारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. तेव्हा मॅकरॉन काल आलेला पाहुणा असला, तरी त्याचे घराणे आपल्या ओळखीचे आहे.

आता तो करतात कसा ते थोडक्यात सांगतो, कारण चांगला मॅकरॉन ओळखण्याची किल्ली तिथेच आहे. बदामाची पूड आणि पिठीसाखर एकत्र चाळून घेतात. अंड्याचा पांढरा भाग साखर घालून घट्ट फेटतात. मग दोन्ही एकत्र कालवतात. इथे हाताचा अंदाज लागतो. कमी कालवले तर टोपीला टोक राहते, जास्त कालवले तर ती पसरून चपटी होते. पीठ चमच्यावरून फितीसारखे सलग पडले की थांबायचे. मग ट्रेवर गोल ठिपके घालतात, ट्रे आपटून हवेचे बुडबुडे काढतात, आणि त्यानंतर चक्क वाट बघतात. अर्धा तास, कधी तासभर. वरून बोट फिरवले तर चिकटू नये इतकी पातळ साय धरावी लागते. भट्टीत गेल्यावर आतली वाफ त्या सायीमुळे वरून फुटत नाही, ती खालून टोपीला उचलते, आणि कडेला बारीक झालर उमटते. त्या झालरीला फ्रान्समध्ये ‘पाय’ म्हणतात. हा पाय सरळ आला की कारागीर जिंकला.

मुंबईच्या पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, तर मॅकरॉन कसा वाळेल? हवेत ओल असली की साय धरत नाही आणि टोप्या तडकतात. म्हणून आपल्याकडे हे काम वातानुकूलित, ओल काढून टाकलेल्या खोलीत करावे लागते. किमतीचे एक कारण हे, दुसरे बदाम, आणि तिसरे म्हणजे फुटलेल्या, फेकलेल्या टोप्या. मुंबईत हा पदार्थ लोकांच्या ओळखीचा करण्यात पूजा धिंग्रा यांचा वाटा मोठा. पॅरिसच्या ल कॉर्डन ब्लू या संस्थेत शिकून त्या परतल्या आणि २०१० साली त्यांनी ‘ले फिफ्टीन’ सुरू केले. पॅरिसची कृती मुंबईच्या हवेत जशीच्या तशी चालत नव्हती. ती इथल्या अंड्यांवर, बदामांवर आणि दमटपणावर पुन्हा बसवावी लागली. कुलाब्यातले त्यांचे कॅफे २०२० च्या टाळेबंदीत बंद झाले, तरी मॅकरॉनचे काम टिकले. आज पंचतारांकित हॉटेलांच्या पेस्ट्रीच्या दुकानांत आणि घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायकांकडेही मॅकरॉन मिळतात. म्हणून नावापेक्षा वस्तू बघायला शिकावे.

काय बघावे? वरचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, तडा नको. झालर सगळीकडून सारखी हवी, बाहेर सांडलेली नको. सारण साधारण एका टोपीइतके जाड हवे. चावल्यावर आधी पातळ कवच मोडते आणि लगेच आत मऊ, किंचित चिवट लागते. आत पोकळी लागली तर भाजताना काहीतरी बिनसले आहे. आणि पहिली चव बदामाची यावी. नुसती साखर आणि भडक रंग असेल तर दुकान कितीही झगमगीत असो, पुन्हा जाऊ नये. पहिल्या खेपेला पूर्ण डबा न घेता दोनच नग घ्यावेत, त्यातला एक साधा, म्हणजे व्हॅनिला किंवा बदामाचा. साध्या चवीत कारागिराला लपायला जागा नसते. घरात अंडे न खाणारे कुणी असेल तर आधी विचारावे. काबुली चणे शिजवलेले पाणी फेटूनही टोप्या करता येतात, आणि काही जण तशा करून देतात. सारणात जिलेटिन आहे का, हेही विचारायला लाजू नये.

आता रांगेकडे वळू. श्रोतेहो, काही पदार्थ रांगेत उभे राहूनच खावेत. रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीपाशी कढईतून निघालेला मालपुवा घरी नेऊन खाल्ला तर तो मालपुवा राहत नाही. जिलेबीचेही तसेच. तिथली रांग हा पदार्थाचाच भाग आहे. मॅकरॉनचे मात्र नेमके उलटे आहे. तो ताजा-ताजा खायचाच नसतो. सारण भरल्यावर साधारण एक दिवस तो फ्रिजमध्ये ठेवतात. तेवढ्या वेळात सारणातला ओलावा टोप्यांत मुरतो आणि आतला भाग मऊ होतो. आदल्या दिवशीचा मॅकरॉन आजच्यापेक्षा चांगला. तेव्हा ‘ताजा माल आला’ म्हणून ज्या दुकानापुढे झुंबड उडते, तिथे घाम गाळण्यात काही अर्थ नाही. दुकानदाराला विचारा, ‘‘कालचे आहेत का?’’ तो हो म्हणाला तर खूश व्हा.

बाकी युक्त्या साध्या आहेत. शनिवार-रविवारची संध्याकाळ, राखी, दिवाळी, नाताळ आणि चौदा फेब्रुवारी हे दिवस टाळावेत. मंगळवार ते गुरुवार, दुकान उघडल्यावर पहिल्या तासात जावे. त्याहून बरे म्हणजे आदल्या दिवशी फोन करून डबा बाजूला ठेवायला सांगावा. चांगला मॅकरॉन फ्रिजमध्ये तीन दिवस सहज राहतो, म्हणून समारंभाच्या दोन दिवस आधी आणला तरी चालतो. खायच्या आधी वीसेक मिनिटे बाहेर काढून ठेवावा. आमच्यासारख्या खाडीपलीकडच्या माणसांना पूर्वी हे सगळे अवघड होते. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचेही उद्घाटन झाले. भाऊच्या धक्क्याहून मोऱ्याला येणारी लाँच आहेच, फक्त ओहोटीचे वेळापत्रक सांभाळावे लागते. डबा आडवा धरावा, मांडीवर ठेवावा, उन्हात ठेवू नये.

हे सारे मी मुलीला समजावत होतो तेव्हा माझा पुतण्या शेजारी बसला होता. तो कंटेनरचा ट्रेलर चालवतो. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, ‘‘चाचा, अर्ध्या तासाच्या लायनीला तुम्ही एवढे भिता? माझी गाडी काल रात्रीपासून यार्डाच्या फाटकाबाहेर उभी आहे. जेवण केबिनमध्ये, झोप केबिनमध्ये. नंबर कधी लागेल ते सांगायला कुणी नाही.’’ तो तक्रार करत नव्हता, हिशोब सांगत होता. त्या दिवसापासून मी या विषयाकडे जरा निराळ्या नजरेने बघतो.

जगातल्या बदामांपैकी सुमारे ८० टक्के एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात आणि तिथल्या मोठ्या गिऱ्हाइकांत आपला देश आहे. आपल्याकडे येतो तो बदाम बहुतेक कवचासकट येतो. जहाजातून आठवडेच्या आठवडे प्रवास, मग बंदरात कस्टमची आणि अन्नसुरक्षेची तपासणी, मग ट्रेलर, मग गोदाम, मग वाशीच्या मसाला मार्केटसारखा बाजार. कवच फोडून गर निवडण्याचे कामही इथेच होते. दिल्लीच्या करावल नगरात हे काम हजारो हात करत आले आहेत, त्यांत बायकांचे हात जास्त. २००९ च्या डिसेंबरात त्या मजुरांनी वाढीव मजुरीसाठी संप केला होता. गोणीमागे मिळणाऱ्या मजुरीवर दिवस काढणाऱ्या त्या बायकांतल्या किती जणींनी मॅकरॉन पाहिला असेल?

आणि बंदर तरी रिकाम्या जागेवर उभे राहिले का? जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याआधी इथे शेती होती, मिठागरे होती, मासेमारी होती. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. शेवा कोळीवाड्यातली कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आणून वसवली गेली आणि योग्य पुनर्वसनासाठी त्यांनी पुढे कित्येक दशके वाट पाहिली. तीही रांगच होती, फक्त तिच्यापुढे दुकान नव्हते.

माझ्या लहानपणी रॉकेलच्या दुकानावर पाटी असे, ‘रांगेचा फायदा सर्वांना’. डबा घेऊन मी आईबरोबर उभा असे. त्या रांगेत आमच्या पुढे कोण आणि मागे कोण, हे दिसत होते. आजची रांग दिसत नाही, एवढाच फरक. आपण मोबाइलवर बोट टेकवतो आणि डबा दारात येतो. आपल्याला वाटते, रांग टळली. ती टळलेली नसते. दुकानाच्या मागच्या दारापाशी पाठीवर पेटी अडकवून तीन-चार पोरे उभी असतात, आपला नंबर पुकारला जाण्याची वाट बघत. त्यांच्या मागे ट्रेलरवाला आहे, त्याच्या मागे कवच फोडणारी बाई. आपली अर्ध्या तासाची रांग आपण त्यांच्या हवाली केलेली असते.

म्हणून मॅकरॉन खाऊ नये, असे मी म्हणत नाही. उलट जरूर खावा. ज्या कारागिराने ओलसर हवेशी झगडून ती झालर उमटवली, त्याच्या हाताला दाद द्यावी. फक्त डबा घेऊन येणाऱ्या पोराला दहा मिनिटे उशीर झाला तर फोनवर आवाज चढवू नये. त्याला पाणी विचारावे. मॅकरॉनचे दहा मिनिटांत काहीही बिघडत नाही, तो तर एक दिवस मुरलेलाच असतो. आमच्या घरी डबा उघडला तेव्हा मुलीने पहिला नग आजीला दिला आणि दुसरा बाजूला काढून ठेवला, ट्रेलर यार्डातून सुटला की खायला. तो दीड दिवसाने आला. मॅकरॉन उत्तम होता, असे त्याचे म्हणणे पडले. फार छोटा आहे, एवढीच त्याची तक्रार होती.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)