पहिल्या गणकाची पारख
(पळसदरी येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला, तेव्हा त्याच्यापर्यंत मोजकेच शास्त्रज्ञ पोहोचू शकत होते. आज कर्जत-खालापूरच्या शाळेतील विद्यार्थीही पायथॉन भाषेत वीस-पंचवीस ओळी लिहून चार क्रिया करणारा गणक तयार करू शकतो. त्यात चित्रे नसतात, बटणे नसतात. पडद्यावर आकडे टंकित करावेत आणि खाली उत्तर वाचावे, एवढेच. अशी पहिली आज्ञावली तपासावयास आली म्हणजे काय पाहावे, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम ती चालवून पाहावी आणि जे साधले आहे त्याचे मोकळेपणाने कौतुक करावे. मग मांडणी पाहावी. कर्जतहून खोपोलीस जाणारी गाडी पळसदरी, केळवली, डोलवली अशा ठरलेल्या क्रमाने जाते. तसेच आकडा घेणे, तो पारखणे, हिशेब करणे आणि उत्तर दाखविणे हे टप्पे वेगळे व क्रमाने असावेत. प्रत्येक क्रियेला अर्थपूर्ण नाव असावे. पायथॉनमध्ये 'बेरीज' असे देवनागरी नावही चालते. इतकेच नव्हे, तर देवनागरीत टंकित केलेले '१२' सुद्धा ती भाषा संख्या म्हणून स्वीकारते.

त्यानंतर काही परीक्षा घ्याव्यात. १२ आणि ८ यांची बेरीज १२८ आली, तर समजावे की टंकित मजकुराचे संख्येत रूपांतर करणे राहून गेले व दोन शब्द नुसते जोडले गेले. आकड्याऐवजी अक्षर टंकित केल्यास आज्ञावलीने बंद न पडता पुन्हा आकडा मागावा. शून्याने भागून पाहावे. 'लीलावती'कार भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असे स्वतंत्र नाव दिले होते. आजचे अंकगणित असा भागाकार मान्य करीत नाही. तेथे विद्यार्थ्याने स्पष्ट सूचना लिहावी. टंकित केलेला मजकूर जसाच्या तसा आज्ञा म्हणून चालविणारी 'इव्हॅल' ही सोय मात्र टाळावयास सांगावे. तिच्या वाटेने कोणीही हवी ती आज्ञा आत घालू शकतो.

शेवटची परीक्षा सूक्ष्म आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथॉन ०.३०००००००००००००००४ अशी दाखवितो. एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसाच एक दशांश संगणकाच्या द्विमान पद्धतीत पूर्ण मावत नाही. ही चूक क्षुल्लक मानू नये. १९९१ च्या आखाती युद्धात धाहरान येथील 'पेट्रियट' यंत्रणा काळ सेकंदाच्या दशांशात मोजत होती. सुमारे शंभर तास ती अखंड चालली आणि साचत गेलेला फरक सेकंदाच्या एक तृतीयांशावर पोहोचला. येणारे क्षेपणास्त्र अडविले गेले नाही व २८ सैनिक मृत्युमुखी पडले. म्हणून पैशांचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवण्याची सवय पहिल्याच आज्ञावलीपासून लावावी.

पंचायतीच्या सदस्यांना हा विषय परका वाटू नये. घरपट्टी आणि पाणीपट्टीचे आकडे आता संगणकातून निघतात. आकडा चुकल्याची तक्रार घेऊन ग्रामस्थ आला असता 'संगणकानेच सांगितले' हे उत्तर होऊ शकत नाही. कोणी तरी माणसाने तो हिशेब लिहिलेला असतो व दुसऱ्या कोणी तो तपासावयाचा असतो.

शिक्षकांना एकच विनंती. चूक दिसताच ती स्वतः दुरुस्त करून देऊ नये. "येथे शून्य घालून पाहा" एवढेच म्हणावे आणि थांबावे. विद्यार्थ्याला स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसली, तर पुढे त्याच्या हातून होणारा प्रत्येक हिशेब तो दोनदा पडताळील. आणि त्याचा लाभ उद्या आपल्या सर्व गावांना होईल.