रविवारचं गॅरेज
(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय जुन्या मोटारसायकली. माझ्या आधी आपल्या डॉक्टरमित्राने मधुमेहावर सांगितलं, माझ्यानंतर गुंतवणुकीवर भाषण आहे. म्हणजे आपल्या वयाला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींची सोय झाली. मधेच हे वेड कशाला, असं काहींना वाटत असेल. आमच्या घरच्यांनाही तसंच वाटतं. तेव्हा हे वेड कशासाठी, एवढंच सांगतो.

पहिल्यांदा गावाचं. आपलं पनवेल मुळातच चाकांचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये इथला मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीची चाकं बनवण्याची नोंद आहे. देश आणि कोकण यांच्यामध्ये ये-जा करणारा गाडीवान पनवेलची चाकांची जोडी आवर्जून घ्यायचा. कारण उघड आहे. बोरघाट उतरला की चाकाचं काम निघायचंच, आणि घाट उतरून बंदराकडे निघालेल्या गाड्यांच्या वाटेवर आपलं गाव होतं. पुढे बैलगाड्या गेल्या, ट्रक आले. पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता पुण्याच्या रस्त्यापासून फुटला, आणि सुताराच्या शेजारी गॅरेजवाला येऊन बसला. आपल्यातल्या कित्येकांनी शाळेच्या वाटेवर ही गॅरेजं बघत बघत उशीर केलाय आणि वर्गाबाहेर उभं राहून त्याची किंमत मोजली आहे. सर हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.

आमचा गट सहा-सात जणांचा. चौघे आपल्या वर्गातले, एक दोन वर्षं मागचा, एक रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. आणि वही ठेवायला आपल्या वर्गातली ती, जिला गणितात कायम पैकीच्या पैकी मिळायचे. नाव घेत नाही, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. रविवारी सकाळी साडेसातला एकाच्या जुन्या घराच्या पडवीत जमायचं, साडेअकराला हात धुवायचे. मधे दोनदा चहा. सध्या पडवीत दोन येझदी, एक जावा, एक बुलेट, एक आरएक्स 100 आणि एका दूधवाल्याकडून घेतलेली राजदूत आहे.

या गाड्या आपल्याबरोबरच वाढल्या. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक या उद्योजकाने 1929 मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा व्यवसाय घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव झालं. 1961 मध्ये इराणी कुटुंबाने म्हैसूरला कारखाना काढून ती इथे बनवायला सुरुवात केली, आणि 1973 पासून तीच गाडी 'येझदी' नावाने येऊ लागली. येझदी म्हणजे इराणातलं यझ्द. आपल्याकडच्या इराणी हॉटेलवाल्यांतले कितीतरी जण मूळचे त्याच भागातले. राजदूत फरिदाबादची, तिचं मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीत. बुलेट 1955 पासून मद्रासची. आपण दहावीला बसलो ते 1983 साल. जूनमध्ये कपिल देवने वर्ल्ड कप उचलला आणि त्याच वर्षी राजदूत 350 आली. ती आपल्यापैकी कुणालाच परवडली नाही, पण वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्यांनी काढली. दोन वर्षांनी आरएक्स 100 आली, ती मात्र कॉलेजच्या गेटवर दिसायला लागली. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला, आरएक्स 100 देखील त्याच वर्षी थांबली. त्यानंतर या गाड्या चालू आहेत त्या मिस्त्रींच्या आणि हौशी लोकांच्या जिवावर.

आता पडवीत काय चालतं ते. आपल्या सरांनी विज्ञानाच्या तासाला सांगितलं होतं की ज्वलनाला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि पेटण्यापुरती उष्णता. जुनी गाडी बंद पडली की आम्ही हेच तीन प्रश्न विचारतो. पेट्रोल येतंय का? हवा बरोबर मिसळतेय का? ठिणगी वेळेवर पडतेय का? प्लग काढला की निम्मं उत्तर मिळतं. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय, आणि हे लगेच थांबवायला हवं. मग पॉइंट बघायचे. दोन टोकांमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर. फट चुकली की ठिणगीची वेळ चुकते आणि चांगली गाडी अडेलतट्टू होते. पाव तासाचं काम, पण ते कुणीतरी शेजारी बसून एकदा दाखवावं लागतं.

पनवेलची हवा या गाड्यांना मानवत नाही. चार महिने पाऊस, बारा महिने खाडीची दमट खारी हवा. क्रोमला गंज चढतो, टाकी आतून सुटते, पॉइंटांवर ओल धरते. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. जुने रबरी पाइप आणि सील फुगतात किंवा चिरतात. ज्यांच्या घरी जुनी गाडी उभी आहे त्यांनी दोनच गोष्टी कराव्यात: एकतर दर आठवड्याला ती चालवावी, नाहीतर टाकी आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल पूर्ण काढून ठेवावं. अर्धवट भरलेली टाकी पावसाळाभर ठेवू नये.

कागदपत्रांचंही विचारलं जातं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी नमुना 25 भरून, गाडी दाखवून आणि पर्यावरण कर भरून ती वाढवता येते. 2021 च्या केंद्राच्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. पण तिची पहिली फी 20 हजार रुपये आहे, आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आम्हाला गाड्या चालवायच्या आहेत, म्हणून आम्ही साधा रस्ता धरला.

धुराचंही बोलतो, कारण आपल्या पर्यावरणवाल्या मैत्रिणीने मघाशी माझ्याकडे बघितलं. तिचं बरोबर आहे. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतं, आणि थोडं न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून निघून जातं. रोज कामाला जायला या गाड्या नकोतच. आमच्या गाड्या महिन्यात पन्नास-साठ किलोमीटर चालतात, आणि ऑइल मापून घातलेलं असतं, लिटरमागे 30 ते 40 मिली. 'अंदाजे' हा शब्द पडवीत चालत नाही. तिसऱ्या रांगेतून मोजणीचा ग्लास पुढे येतो.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे उभा राहिलो ते सांगतो. आजच्या यादीत आपल्या एका मित्राच्या नावापुढे 'कै.' लिहिलेलं आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, सगळ्यांच्या सायकलींची चेन बसवून द्यायचा, तो. तो गेला आणि त्याची येझदी पत्र्याच्या शेडखाली तीन पावसाळे उभी राहिली. भंगारवाल्याने चार हजार सांगितले होते. वहिनींनी जवळजवळ होकार दिला होता. त्याच्या मुलीने आम्हाला फोन केला, "काका, ही चालू होईल का? नसेल होणार तर तसं सांगा, म्हणजे आम्ही देऊन टाकू."

गाडी ढकलत पडवीत आणली. पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसला होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल घालून आठ दिवस ठेवली, तेव्हा किक जरा हलली. मग हेड उघडलं. सिलिंडर बोअर करून एक साइझ मोठा पिस्टन घातला. क्रँक बाहेर काढावा लागला. येझदीचा क्रँक दाबून बसवलेला असतो. कनेक्टिंग रॉड बदलायचा तर तो प्रेसवर सुटा करायचा, परत जोडायचा आणि डायल लावून, तांब्याच्या हातोडीने हलकेच ठोकून सरळ करायचा. हे काम जाणणारे लेथवाले आमच्या माहितीत आता दोनच उरलेत. पार्ट निम्मे पुण्याच्या नाना पेठेतून आले, थोडे मुंबईच्या चोरबाजारातून. गाडीच्या पेटीत एक जुनी कंपासपेटी निघाली, आपण शाळेत वापरायचो तशी. आत पॉइंटांचा जादा जोड, कंडेन्सर, प्लग आणि घडी केलेला पॉलिश पेपर. तो घराबाहेर पडायचा तो ही तयारी घेऊन.

मुलगी दर रविवारी यायची. पहिले दोन रविवार ती नुसती उभी राहिली. तिसऱ्या रविवारी तिने पाना हातात घेतला. नोंदणी वारसाच्या नावावर करायचा नमुना 31 तिनेच भरला. सात महिन्यांनी गाडी चालू झाली. येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. दांडा आत दाबून वर फिरवला की तो किक होतो. हे तिला आईने दाखवलं. वहिनी लग्नानंतर पहिल्यांदा त्याच गाडीवर बसून कर्नाळ्याला गेल्या होत्या आणि दांडा कसा फिरवायचा ते त्यांच्या लक्षात होतं.

मग तिला गाडी घेऊन लोणावळ्याला जायचं होतं. एक्सप्रेसवेवर दुचाकी चालत नाही, म्हणजे जुन्या रस्त्याने खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून घाट चढायचा. चढताना काय, हळू गेलं की झालं. आमच्या मिस्त्रींनी तिला उतरताना काय करायचं ते सांगितलं. या गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच इंजिनला मिळतं. लांब उतारावर रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली तर इंजिन जोरात फिरत राहतं आणि पेट्रोल जवळजवळ जातच नाही, म्हणजे ऑइलही नाही. पिस्टन धरू शकतो, आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. म्हणून अधूनमधून थोडी रेस द्यायची, आणि डावा हात क्लचवर ठेवायचा. मिस्त्रींनी तिच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं, आपले सर पाढे घ्यायचे तसं. तिच्या हाती लागलेल्या कुठल्याही कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. तिच्या बाबांना माहीत असणार, पण ते सांगायला राहिले नव्हते.

मित्रांनो, मुद्दा एवढाच आहे. पार्ट मिळतात. नाही मिळाले तर लेथवर करून घेता येतात. पण असं सांगणारा माणूस गेला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जातं. आमचे मिस्त्री आज शहात्तर वर्षांचे आहेत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात. त्यांचा मुलगाही गॅरेजच चालवतो, पण तो नव्या गाड्या बघतो, कॉम्प्युटर लावून. त्याचं चुकत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. मग हे कान कुणाकडे जाणार?

म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही वही लिहायला घेतली. मिस्त्री बोलतात, ती लिहून घेते. गाडी, तक्रार, कारण, उपाय, माप. आतापर्यंत तीन दोनशेपानी वह्या भरल्यात. काही गोष्टी लिहून कळत नाहीत, त्या मोबाइलवर चित्रित करून ठेवतो. कार्यानुभवाच्या तासाला आपण खुंटीला अडकवायच्या पिशव्या शिवल्या आणि टाळाटाळ केली. त्या तासाचा अर्थ मला साठीजवळ आल्यावर कळतोय, हे बाईंना सांगायला हवं.

शेवटी तीन विनंत्या. ज्यांच्या घरी जुन्या गाडीचं मॅन्युअल, पार्टची यादी किंवा वडिलांचा हत्यारांचा डबा आहे त्यांनी तो रद्दीत देऊ नये, आमच्याकडे द्यावा. ज्यांच्या शेडखाली गाडी उभी आहे त्यांनी भंगारवाल्याच्या आधी आम्हाला एक फोन करावा. आणि मुलांना, सुनांना, नातवंडांना एखाद्या रविवारी पाठवावं. हात काळे होतील, बाकी काही होणार नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावा-येझदीवाले गाड्या बाहेर काढतात. यंदा आम्हीही पाऊस असला तरी पळस्प्यावरून शिरढोणपर्यंत, वासुदेव बळवंतांच्या गावी, जाऊन येणार आहोत. सगळ्यात पुढे ती येझदी असेल, आणि ती चालवायला आपल्या मित्राची मुलगी. सर, मागच्या सीटवर तुमच्यासाठी जागा ठेवली आहे. हेल्मेट आम्ही आणू.