मुलांचें न्यायालय



आपलीं मुलें राज्यघटनेंतील मूलभूत हक्क नि कर्तव्यें घडाघडा म्हणून दाखवितात व पुरे गुणहि मिळवितात. पण वर्गांत आपल्यावर अन्याय झाला, तर दाद कोठें मागावी, हें त्यांतील कितीजणांस ठाऊक असतें?

मला या बाबतींत पोलंडमधील यानुश कोर्चाक आठवतात. पेशानें डॉक्टर, १९१२ पासून वॉर्सा येथें ज्यू मुलांचें अनाथालय चालवीत. तेथें पुढें मुलांचेंच न्यायालय भरूं लागलें. ज्यांच्यावर त्या आठवड्यांत फिर्याद नसे, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पांच न्यायाधीश निवडीत. कायद्याचीं पहिलीं नव्व्याण्णव कलमें क्षमेचीं व सुटकेचीं! आज न्याय देणारें मूल उद्यां आरोपी म्हणून उभें राही. दुसऱ्याची बाजू ऐकून घेण्याचें कर्तव्य त्याला निराळें शिकवावें लागत नसे.

फिर्याद मोठ्यांवरहि करतां येई. खुद्द कोर्चाकांवर सहा महिन्यांत पांच झाल्या. एक मुलाच्या कानशिलांत मारल्याबद्दल, एक मुलीवर चोरीचा संशय घेतल्याबद्दल. त्या खटल्यांनींच आपणांस शिक्षक म्हणून घडविलें, असें त्यांनीं लिहून ठेवलें आहे. आमच्या लहानपणीं गुरुजींवर फिर्याद? छे, छडी तेवढी आणखी एक बसली असती!

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली आहे. तें कलम मुलांना वाचून दाखविणारी शाळा माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. आज रात्रीं जेवतांना आपल्या मुलाला सहज विचारून पाहा : गुरुजींचें चुकलें, तर तूं कोणापाशीं जाशील?