धोत्र्याच्या फुलातील नोंद
(हीरक महोत्सवी पालक मेळाव्यातील भाषण)



धोत्रा हे कोणाच्या कौतुकाचे झाड नव्हे. उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी ते आपोआप उगवते. विषारी म्हणून मुलांना त्यापासून दूर ठेवले जाते. महाशिवरात्रीला तेवढा महादेवाच्या पिंडीवर त्याला मान मिळतो. याच धोत्र्याच्या एका जातीने वनस्पतींच्या वाढीविषयीचे एक मोठे कोडे उलगडण्यास हातभार लावला, आणि तो दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात.

कोडे असे होते : झाडाच्या एकट्या पेशीत संपूर्ण झाड घडवण्याची क्षमता असते काय? ती असते, असे मत ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडले. त्यांनी पानांतील पेशी पोषक द्रावात ठेवल्या. त्या जगल्या, आकाराने वाढल्या. परंतु विभागल्या नाहीत. पेशीला नुसते अन्न पुरत नाही, वाढीची दिशा देणारी संजीवकेही लागतात, हे पुढे उमगले. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवून दिले की, ऑक्झिन आणि कायनेटिन यांच्या परस्पर प्रमाणावर मुळे फुटणार की कोंब, हे ठरते.

या पार्श्वभूमीवर शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी धोत्र्याचे परागकोश काचपात्रात वाढवत होते. त्यांचा हेतू निराळा होता. परागकण घडताना पेशीतील गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. त्या विभाजनाचा अभ्यास त्यांना करायचा होता. परंतु काही आठवड्यांनी परागकोशांतून चक्क गर्भासारख्या रचना बाहेर डोकावू लागल्या. परागकणाचे काम परागनलिका काढून नरबीज पोहोचवण्याचे; त्याने गर्भ घडवावा, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

प्रयोग बिघडला, असे म्हणून ती पात्रे धुऊन टाकता आली असती. तसे झाले नाही. १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. मग प्रश्न उरला तो या गर्भांच्या उगमाचा. धोत्र्याच्या सर्वसाधारण पेशीत २४ गुणसूत्रे असतात, परागकणात १२. गर्भ परागकोशाच्या भिंतीतून आले असतील, तर त्यांत २४ आढळावीत. परागकणातून आले असतील, तर १२. हे गर्भ परागकणांतूनच घडतात, हे १९६६ च्या लेखाने स्पष्ट केले.

या शोधाचे मोल शेतीला फार मोठे आहे. निम्म्या गुणसूत्रांचे रोप सहसा वांझ असते. परंतु कोल्चिसिन वापरून ती दुप्पट केली, की दोन्ही संच तंतोतंत सारखे असलेला शुद्ध वाण एकाच पिढीत हाती येतो. एरवी त्यासाठी सहा-सात पिढ्या स्वपरागण करावे लागते. लवकरच फ्रान्समध्ये तंबाखूवर आणि जपानमध्ये भातावर हे तंत्र यशस्वी झाले. जळगावच्या केळीबागांत लावली जाणारी ऊतिसंवर्धित रोपेही काचपात्रातच वाढतात; त्यांची रीत वेगळी, पण मूळ तत्त्व तेच.

पालकहो, आता आपल्या घरातील एक प्रसंग पाहू. मुलाला शाळेतून मूग रुजवण्याचा प्रयोग दिला जातो : एक वाटी उजेडात, एक अंधारात. आठवड्याने अंधारातील रोपे अधिक उंच दिसतात. मूल गोंधळते. उजेडात झाड चांगले वाढते, असे त्याने वाचलेले असते. मग ते खरे माप खोडते आणि ‘बरोबर’ उत्तर लिहिते. बहुधा घरातील मोठ्यांनीच ते सुचवलेले असते.

वस्तुतः मुलाचे पहिले माप अचूक होते. अंधारातील अंकुराला आपण मातीखाली आहोत, असेच वाटते जणू. बियांमधील साठा खर्चून तो खोड लांबवतो आणि प्रकाशाचा शोध घेतो. म्हणून तो उंच, पण पिवळट आणि दुबळा. उंची म्हणजेच निकोप वाढ नव्हे, हा धडा त्या खोडलेल्या आकड्यात होता. आकडा खोडला गेला, आणि धडाही गेला.

साठ वर्षांत शाळेने किती गुणवंत घडवले, याची मोजदाद या ग्रंथात होईलच. पुढील काळासाठी पालकांकडून एकच अपेक्षा आहे. मुलाची प्रयोगवही हाती घ्याल, तेव्हा ‘किती गुण मिळाले?’ याआधी ‘तुला काय दिसले?’ असे विचारा. आणि जे दिसले, ते खोडू देऊ नका.