रस्त्यावरचा दुसरा दिवा



विदर्भातल्या ढाणकीच्या शिवारात रात्रीच्या ओलितासाठी निघालेला शेतकरी बॅटरी घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही. कृषिपंपाची वीज पाळीपाळीने येते, कधी ती पाळी रात्रीची असते, आणि धुऱ्यावर साप-विंचवाचं भय असतं. त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तोच माणूस उमरखेडहून किंवा बिटरगावहून रात्री मोटरसायकलने परतताना मात्र बॅटरी नेत नाही. गाडीला लाईट आहे, खिशात मोबाईल आहे, मग आणखी ओझं कशाला, असं त्याचं म्हणणं असतं. हे म्हणणं वरवर पटतं. पण हे दोन्ही दिवे गाडी ठीक चालते तोवरचे आहेत. गाडी बंद पडते तेव्हाच ते दगा देतात, म्हणून रस्त्यावर एक वेगळी बॅटरी हवी आणि तिच्या पाठीशी दुसरा दिवाही हवा, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी गाडीचा दिवा घेऊ. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा समोरचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. बऱ्याच मोटरसायकलींत तो इंजिन चालू असेपर्यंतच जळतो. म्हणजे ज्या बिघाडाने गाडी थांबवली, त्यानेच दिवाही विझवला. चारचाकीत तो लागेल, पण गाडीच्या बॅटरीवर. आणि गाडी बंद पडण्याचं कारण अनेकदा तीच बॅटरी असते. शिवाय समोरचा दिवा समोरच पाहतो. पंक्चर झालेलं मागचं चाक, उतरलेली चेन, सीटखालचा फ्यूज यांच्यावर त्याचा उजेड पडत नाही.

आता मोबाईल. त्याचा दिवा वाईट नाही. हरवलेली किल्ली शोधायला पुरेसा आहे. पण त्याचा उजेड पसरट असतो, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, हा प्रकाशाचा नियम आहे. बॅटरीतला आरसा तोच उजेड एकवटून लांब फेकतो. मोठी अडचण निराळीच आहे. मोबाईल हा मदत बोलवायचा एकमेव मार्ग असतो. 112 वर पोलिसांना कळवायचं, 108 वर रुग्णवाहिका मागायची, घरी निरोप द्यायचा, सगळं त्याच एका चार्जिंगवर. पैनगंगा अभयारण्याकडे जाताना नेटवर्क कमजोर झालं, की फोन ते शोधण्यातच चार्जिंग खर्च करतो. अशा वेळी त्यालाच दिवा करणं म्हणजे पेरायचं बियाणं दळून खाणं.

उजेड फक्त आपल्याला दिसण्यासाठी लागतो, हाही एक गैरसमज आहे. रस्त्यावर आपण इतरांना दिसणं त्याहून मोलाचं. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, आणि सरकारी अहवालांत वर्षानुवर्षं सर्वाधिक अपघात संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत नोंदले जातात. तासाला 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 16 ते 17 मीटर कापते आणि कोरड्या रस्त्यावरही थांबायला 40 ते 50 मीटर घेते. उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॉली कडेला उभी असली, की हा हिशेब किती क्रूर असतो ते इथे वेगळं सांगायला नको. अशा वेळी मागच्या बाजूला, जमिनीकडे किंवा आपल्याच गाडीवर रोखलेला झोत येणाऱ्याला वेळेत सावध करतो. झोत त्याच्या डोळ्यांवर मात्र मारू नये. दिपलेला चालक आंधळ्यासारखाच, आणि आपण त्याच्याच वाटेत उभे असतो.

मग एक चांगली बॅटरी पुरे की, दोन कशाला? जुन्या बल्बच्या बॅटरीत सेल उतरू लागले की उजेड पिवळा, मग तांबूस होई. ती सूचना असे. आजच्या कित्येक चार्जिंगच्या एलईडी बॅटऱ्या शेवटपर्यंत लख्ख राहतात आणि एकाएकी विझतात. पाण्याखालच्या गुहांत उतरणारे पाणबुडे निदान तीन दिवे नेतात, ते याच धाकाने. मात्र दोन दिवे एकाच कारणाने बंद पडणार असतील, तर ते दोन नव्हेत. गावात दिवसभर वीज नसली तर चार्जिंगच्या दोन्ही बॅटऱ्या सोबतच रिकाम्या राहतात. म्हणून एक चार्जिंगची असेल, तर दुसरी साध्या सेलची असावी.

खर्चाचं कारण इथे टिकत नाही. एलईडीमुळे साधी दोन सेलची बॅटरीही आता पुष्कळ तास चालते. खरा आक्षेप वेगळा आहे: डिक्कीत ठेवलेली बॅटरी वेळेवर लागतच नाही. हे खरं आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद डिक्की तापते आणि उष्णतेने सेल लवकर उतरतात. उतरलेले सेल पाझरून आतले पत्रे खातात. पण हा दोष बॅटरी नेण्याचा नव्हे, विसरण्याचा आहे. सेल आणि पत्रा यांच्यात कागदाची पट्टी सरकवून ठेवली, तर बटण चुकून दाबलं गेलं तरी सेल उतरत नाहीत, आणि अंधारात ती पट्टी ओढली की झालं. राहिली आठवण. ती आपल्या पंचांगातच आहे. उन्हाळा तापण्याआधी गुढीपाडवा येतो. पावसाळा सरून रात्री मोठ्या होऊ लागतात तेव्हा दसरा येतो. त्या दिवशी आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो. हार घालण्याआधी डिक्की उघडावी, दोन्ही बॅटऱ्यांची बटणं दाबून पाहावीत आणि जुने सेल बदलावेत. पूजा गाडीची असेल, तर तिच्यासोबत रात्री रस्त्यावर उभं राहणाऱ्या दिव्यालाही त्या हारातलं एक फूल मिळायला हवं.