कायदा आठवीला थांबतो, नोकरी दहावी मागते

(एन्नोर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज वेतन आयोगावर बोलणार नाही. आज आपल्या मुलांच्या शाळेविषयी बोलायचे आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. शिक्षणतज्ज्ञ नव्हे. पण बदलीचा कागद हातात पडला की घरात पहिला प्रश्न कोणता निघतो, हे मला चांगले ठाऊक आहे. "पोरांच्या शाळेचे काय?"

आपल्याच एका गँगमन बंधूची गोष्ट सांगतो. ऐन नोव्हेंबरात बदली झाली. मुलगी सातवीत. जुन्या शाळेने दाखला द्यायला दोन महिने लावले. नवी शाळा म्हणाली, दाखल्याशिवाय घेत नाही, जूनमध्ये या. जूनमध्ये तिला पुन्हा सातवीतच बसवले. पोरीचे वर्ष गेले. बापाला वाटले, नियमच असा असेल.

बंधूंनो, नियम असा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्याने आठवीपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण दिले. सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी त्यात स्पष्ट लिहिले आहे की, मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारू नये. दिरंगाई करणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे कारवाईही होऊ शकते. हे कलम पाच आहे. पाठ करून ठेवा.

हा हक्क कोणी दान दिलेला नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदा संस्थानात ते सक्तीचे केले. नामदार गोखल्यांनी १९११ साली इंग्रजांच्या कायदेमंडळात विधेयक आणले, ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली कोल्हापुरात कायदा करून दाखवला. इथे मद्रास राज्यात कामराजांनी शाळेत दुपारचे जेवण सुरू केले, कारण उपाशी पोर शाळेत टिकत नाही हे त्यांना कळत होते.

आता इयत्तांचा घोळ पाहा. आपल्याकडे अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज. इथे त्याला 'प्लस वन', 'प्लस टू' म्हणतात आणि ते वर्ग हायर सेकंडरी शाळेतच भरतात. इथे २००६ च्या कायद्याने दहावीपर्यंत तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्यावर रुसू नका, आपणही २०२० साली महाराष्ट्रात मराठीचा तसाच कायदा केला. पण मूल नववी-दहावीत असताना बदली आली, तर नव्या भाषेचे ओझे त्याच्याच डोक्यावर पडते. म्हणून शक्य तिथे बदली शालेय वर्ष संपल्यावर व्हावी, ही आपली मागणी.

आणि आता मुख्य मुद्दा. कायदा आठवीला थांबतो. पण रेल्वेत लेव्हल एकच्या भरतीला दहावी किंवा आयटीआय लागते. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकालाही दहावी लागते. म्हणजे सरकार मुलाला दारापासून दोन पायऱ्या खाली सोडते आणि म्हणते, आता तू चढ! आपल्याला निदान बारावीपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. पण आपल्याच फलाटावर झाडू मारणाऱ्या, आपल्याच रुळांवर खडी टाकणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या मुलाला काय मिळते? चौदा संपले की त्याला कामाला लावायला मोकळीक. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतरही चौदा ते अठरा वयाला फक्त धोक्याच्या कामांत बंदी आहे.

इतर देश काय करतात? जपानमध्ये सहा ते पंधरा वर्षे सक्तीची शाळा. शेजारच्या श्रीलंकेत २०१६ पासून पाच ते सोळा. इंग्लंडमध्ये सोळापर्यंत शाळा आणि पुढे अठरापर्यंत शिक्षण वा प्रशिक्षण. आपले मराठी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्या मॉरिशसमध्येही २००५ पासून सोळा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १३८ क्रमांकाचा करार भारताने २०१७ साली मान्य केला. तो सांगतो, सक्तीच्या शिक्षणाचे वय संपण्याआधी मुलाला कामाला लावू नये. म्हणजे शाळेचे वय वाढले, की मजुरीचे वयही वर सरकते. म्हणूनच हा प्रश्न मास्तरांचा नाही, युनियनचा आहे.

तेव्हा तीन गोष्टी करा. प्रत्येक शाखेत एका कार्यकर्त्याकडे शाळा-दाखल्याचे काम द्या. कोणाचे मूल अडले तर कलम पाच घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. भांडायला नव्हे, समजावायला. आणि अठरा वर्षांपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण, ही मागणी महासंघाच्या मागणीपत्रात घाला. कंत्राटी कामगारांच्या मुलांसह.

त्या गँगमनच्या मुलीचे गेलेले वर्ष आपण परत आणू शकत नाही. पुढच्या मुलीचे जाऊ देणार नाही, एवढे ठरवून इथून उठू या.

कामगार एकजुटीचा विजय असो!