काटकसर कुणाच्या ताटातून?

(धाराशिव जिल्ह्यातील बचत गटांच्या बायकांसमोर केलेलं भाषण)



घरखर्चात बचत कशी करावी, हा उपदेश बायकांना करणाऱ्यांची कमी नाही. तेल जपून वापरा, उरलेल्या भाकरीचा कुस्करा करा, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पाहुणा आला की कालवणात तांब्याभर पाणी वाढवणं आपल्या अंगवळणीच पडलेलं आहे. पण आजवरची आपली बचत बहुतेक वेळा आपल्याच ताटातून झाली. सगळे जेवले, वरण संपलं, मग बाईनं चटणी-भाकर खाल्ली. याला बचत म्हणायचं नाही. ही उपासमार आहे, आणि तिची किंमत पुढं अंगातलं रक्त कमी होऊन चुकवावी लागते.

म्हणून आधी कागदावर हिशेब मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सुचवलेल्या दोन हजार कॅलरीच्या आहारात माणशी रोज सुमारे 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळ-कडधान्य लागतं. अंडी-मांस खाल्लं तर ते या 85 ग्रॅममध्येच धरायचं. पाच माणसांच्या घराला महिन्याला साडेसदतीस किलो धान्य आणि पावणेतेरा किलो डाळ-कडधान्य झालं. अंगमेहनत करणाऱ्याला धान्य याहून जास्त लागेल.

आता रेशन बघा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, म्हणजे या घराला 25 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. ते नीट तोलून घेणं हा आपला हक्क आहे. पण त्या कायद्यातल्या हक्कात डाळ नाही. म्हणजे धान्याची निम्म्याहून जास्त सोय होते आणि डाळीचा सगळा भार आपल्या पदरावर पडतो. पैसे कमी पडले की घरातून पहिली जाते ती डाळच. नियोजन सुरू करायचं ते इथून.

काय करता येईल? आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी सात दिवसांचं कालवण कॅलेंडरच्या मागं लिहून काढा. दोन दिवस तुरीचं वरण, एक दिवस मटकीची उसळ, एक दिवस हुलग्याचे शेंगुळे, असं. आधी घरात काय आहे ते बघा आणि मगच यादी करा. तेल, साखर, चहा रोजच्या पुडीनं आणला तर महाग पडतो. महिन्याचा एकदम आणायला रोख लागते आणि ती हातात नसते. इथं गट कामाला येतो. दहा घरांनी मिळून पोतं घेतलं, तर दुकानदाराच्या उधारीच्या वहीतून सुटका होते. भाजी स्वस्त असेल तेव्हा गवार, मेथी वाळवून ठेवा. सांडगे तर आपले आहेतच.

पण मुळाशी गेल्याशिवाय भागणार नाही. ज्या शिवारात ज्वारी, तूर, मूग, हुलगा, करडई पिकायची, तिथं आता सोयाबीन आणि ऊस वाढला. सोयाबीन विकायचं आणि डाळ विकत आणायची. ज्यांच्याकडं तूर होते तेही देणं भागवायला सुगीतच ती विकतात आणि पावसाळ्यात चढ्या भावानं डाळ घेतात. एक क्विंटल तुरीची साधारण 70 किलो डाळ पडते. घरापुरती तूर आधी बाजूला काढायची आणि उरलेली विकायची, एवढा एक निर्णय कितीतरी काटकसरींपेक्षा मोठा आहे. तो निर्णय घेतं कोण?

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था बायकांबरोबर काम करू लागली. पुढं दुष्काळाच्या वर्षांत त्यातल्या बायकांनी घरच्यांकडं अर्धा ते एक एकर रान मागून घेतलं. त्यात नगदी पिकाऐवजी धान्य, कडधान्य आणि भाजीपाला घेतला. पीक कोणतं, खायचं किती आणि विकायचं किती, हे त्यांनी ठरवलं. 2016 साली या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. किराण्याचा खर्च कमी होण्याची वाट शेताच्या बांधावरून जाते, हे त्यांनी दाखवलं.

ज्यांच्याकडं रान नाही, त्यांनी काय करायचं? त्यांनी रेशनचा आणि मजुरीचा प्रश्न धरायचा. 1972 च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. आपण घरात कितीही जपून वापरलं, तरी भाव आपल्या घरात ठरत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा घरी गेल्यावर तीन गोष्टी बोला. महिन्याच्या खर्चाची वही दोघांसमोर उघडी राहील. पेरणीआधी घरच्या डाळीचं रान ठरेल. आणि रात्री सगळे एकत्र जेवायला बसतील. कमी असेल तर सगळ्यांना सारखं कमी वाढलं जाईल. या तिसऱ्या गोष्टीला पैसा लागत नाही. सर्वांत जास्त वाद मात्र तिच्यावरूनच होईल. तो वाद घाला.